काठीची किंमत चेंडूला विचारा

सप्टेंबर २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज या लिलावगृहात गोल्फची एक जुनी काठी १,८१,००० डॉलरला विकली गेली. तेव्हाच्या दराने ७० लाख रुपयांच्या वर. काठी अठराव्या शतकातली, लाकडी, लांबट डोक्याची. चेंडू होलजवळ पोचल्यावर त्याला हलकेच आत ढकलायला जी वापरतात ती, म्हणजे ‘पटर’. तिच्यावर ‘ए. डी.’ अशी दोन अक्षरं ठोकलेली होती. ती स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरातल्या अँड्र्यू डिक्सन या कारागिराची मानली जातात. त्याच लिलावात एक लोखंडी काठी दीड लाख डॉलरला गेली. तिच्यावर तर कुणाचंही नाव नव्हतं. तिचं डोकं कुण्या लोहाराने नांगराचा फाळ घडवावा तसं घडवलेलं, टोकाला चौकोनी.

याउलट १९२० च्या आसपासची, दिसायला सुबक, हिकरी लाकडाच्या दांड्याची, कंपनीचा ठसठशीत शिक्का असलेली काठी आज विकायला काढली, तर बहुतेक वेळा काही हजार रुपयांपलीकडे जात नाही. तीही शंभर वर्षांची आहेच. मग हा फरक कशाचा? निव्वळ वयाचा असता तर दोघींच्या किमतीत दुप्पट-तिप्पट अंतर असतं. इथे ते हजारो पटींचं आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा. या वस्तूला इंग्रजीत ‘क्लब’ म्हणतात. पण मराठीत क्लब म्हटलं की पत्त्यांचे डाव नाहीतर जिमखाना आठवतो, आणि या लेखात गोल्फ खेळणाऱ्या संस्थांचाही उल्लेख येणार आहे. म्हणून वस्तूला काठी म्हणतो आणि संस्थेला क्लब. दुसरा खुलासा माझ्याबद्दल. मी गोल्फ खेळत नाही. सॉफ्टवेअर लिहितो. कंपनीच्या कामासाठी काही महिने एडिंबराला होतो, तेव्हा एका शनिवारी ट्रेन आणि मग बस पकडून सेंट अँड्र्यूजला गेलो आणि तिथल्या गोल्फ संग्रहालयात शिरलो. खेळाचं प्रेम नव्हतं, बाहेर पाऊस होता. काचेमागच्या त्या लांब नाकाच्या काठ्या पाहून माझ्या मनात आला तो इंजिनिअरला पडणारा साधा प्रश्न: हे डोकं असं का आहे? एवढं लांब, चिंचोळं, उथळ? शिकारीच्या कुत्र्याच्या तोंडासारखं? आजच्या ड्रायव्हरशी याचं काहीच नातं का दिसत नाही?

उत्तर काठीत सापडत नाही. ते चेंडूत आहे. आणि किमतीच्या कोड्याचं उत्तरही, माझ्या मते, तिथेच आहे.

गोल्फचा पहिला लेखी पुरावा हा बंदीचा आहे. १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉल यांवर बंदी घातली, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून हे खेळ खेळत बसत. गंमत म्हणजे गोल्फच्या काठ्या बनवणारे सुरुवातीचे कारागीर हे धनुष्यं बनवणारेच होते. १५०२ साली राजा चौथ्या जेम्सने पर्थ गावच्या एका धनुष्यकाराकडून काठ्या घेतल्याची नोंद राजाच्या खजिन्याच्या हिशेबात आहे. १६०३ साली सहाव्या जेम्सने एडिंबराच्या विल्यम मेन याला आपला काठ्या बनवणारा म्हणून नेमलं, तोही धनुष्यकार. यात नवल नाही. लाकूड कुठे वाकतं, कुठे मोडतं, कोणत्या दिशेच्या रेषा दांड्याला लवचीक ठेवतात हे ज्याला कळतं, त्याच्याकडेच असं काम जाणार.

त्यांच्या काठ्यांना सतरा-अठराव्या शतकात आणि पुढे १८४८ पर्यंत ज्या चेंडूशी गाठ होती तो ‘फेदरी’, म्हणजे पिसांचा चेंडू. कातड्याचे तुकडे भिजवून शिवायचे, उलटे करायचे, एक लहान भोक ठेवायचं आणि त्यातून उकडलेली पिसं लोखंडी सळईने ठासत जायचं. एका चेंडूत उंच टोपीभर पिसं जात असं सांगतात. मग भोक शिवून चेंडू वाळत ठेवायचा. कातडं वाळताना आकसतं, ओली पिसं वाळताना फुगतात, आणि दोन्ही एकमेकांवर रेटून दगडासारखा टणक गोळा तयार होतो. ही युक्ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी मनात दाद दिली. पण काम जीवघेणं होतं. दिवसभर पिसांची धूळ छातीत, सळई छातीशी टेकवून जोर लावायचा, आणि एवढं करून चांगल्या कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चार चेंडू निघत. त्यामुळे एक चेंडू कधी कधी काठीइतका किंवा तिच्याहूनही महाग पडे.

आता हा महागडा चेंडू लोखंडाने हाणायचा कोण? लोखंडाची धार लागली की शिवण उसवणार, पिसं बाहेर येणार. म्हणून खेळाडू बहुतेक फटके लाकडानेच मारत, तेही झाडू मारावा तसे सपाट आणि लांब पल्ल्याचे. लांब, उथळ डोकं, मागे ओतलेलं शिसं, तळाच्या कडेला मेंढ्याच्या शिंगाची पट्टी, आणि डोक्याचा व दांड्याचा तिरका सांधा डांबर लावलेल्या दोऱ्याने घट्ट गुंडाळलेला. १७४३ साली एडिंबरात छापलेल्या ‘द गॉफ’ या टॉमस मॅथिसनच्या काव्यात ॲश लाकडाचा दांडा, शिसं आणि शिंग यांचा उल्लेख आहे, आणि कारागीर म्हणून लीथच्या डिक्सनचं नावही आहे. म्हणजे ‘ए. डी.’ या दोन अक्षरांमागे काव्यातला का होईना, पण काळाच्या जवळचा छापील पुरावा उभा आहे. ७० लाखांतले बरेचसे लाख त्या पुराव्याचे आहेत.

लोखंडी काठी बाहेर निघे ती नाइलाज झाला तरच. चेंडू वाळूत रुतला, दगडांत अडकला किंवा बैलगाडीच्या चाकोरीसारख्या खाचेत पडला तर. या खाचांसाठी इवल्याशा गोल डोक्याची वेगळी लोखंडी काठीच होती. ती मोडू नये म्हणून जाडजूड, दांडा घट्ट बसावा म्हणून डोक्याची नळी लांब आणि तिच्या तोंडाशी खोल दाते पाडलेले. खेळाडूकडे अशा एक-दोनच असत. अठराव्या शतकातली लोखंडी काठी आज इतकी दुर्मीळ का, याचं उत्तर हे. लोखंड लाकडापेक्षा टिकाऊ असूनही कमी सापडतं, कारण ते मुळातच कमी बनलं. आणि कमी बनलं, कारण चेंडू महाग होता. त्या बेनामी लोखंडाचे दीड लाख डॉलर हे एका अर्थी पिसांच्या चेंडूचे पैसे आहेत.

लाकडी काठ्यांतही असाच हिशेब लागतो. लांब फटक्यांच्या काठ्या मोडत, कारण त्यांनी जोरात मारायचं असे. पटरने हळू मारायचं, म्हणून त्या टिकल्या. लांब नाकाच्या काळातल्या ज्या काठ्या आज बाजारात येतात त्यांत पटर जास्त दिसतात. सेंट अँड्र्यूजचा ह्यू फिल्प (१७८२ ते १८५६) हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला कारागीर. व्हायोलिनमध्ये जे स्थान स्ट्राडिव्हेरियसला, ते काठ्यांमध्ये फिल्पला देतात. त्याच्याही पटर जास्त उरल्या. म्हणून फिल्पची फटक्याची काठी समोर आली तर जाणकार आधी आनंदत नाही, आधी शंका घेतो. नावाचा शिक्का नंतर ठोकणं फार अवघड नसतं.

मग १८४८ च्या सुमारास गटा-पर्चा आलं. मलायातल्या एका झाडाचा हा चीक. गरम पाण्यात मऊ होतो, गार झाला की कडक. आपल्यापैकी ज्यांनी दाताचं रूट कॅनाल करून घेतलं आहे त्यांच्या दातात हा पदार्थ आजही भरलेला असतो. समुद्राखालच्या पहिल्या तारायंत्राच्या केबलींवर याचंच वेष्टन होतं. गोल्फमध्ये तो कसा आला याची एक कथा सांगतात: सेंट अँड्र्यूजच्या पॅटरसन नावाच्या घरी पूर्वेकडून विष्णूची संगमरवरी मूर्ती आली, ती फुटू नये म्हणून भोवती गटा-पर्चा भरलेलं होतं, आणि घरातल्या विद्यार्थी मुलाने ते वळून चेंडू केला. कथा म्हणूनच ती घ्यावी. पण मालाच्या वेष्टनातून नवं तंत्र निघावं हे मला अगदीच अशक्य वाटत नाही.

नवा चेंडू कितीतरी स्वस्त होता, भिजत नव्हता, चेपला तर गरम करून पुन्हा वळता येत होता. पण तो कडक होता. पिसांच्या चेंडूसाठी घडवलेली नाजूक लांब डोकी त्याच्या धक्क्याने तडकू लागली. मग कारागिरांनी डोकं आखूड आणि जाड केलं, तोंडावर कातड्याचा तुकडा बसवला. दांड्यांसाठी अमेरिकेतून येणारं हिकरी लाकूड रूढ झालं. आणि मुख्य म्हणजे लोखंडाची भीती गेली. चेंडू फाटणार नव्हता. उलट, लोखंडाने ओरखडे उठलेला चेंडू गुळगुळीत चेंडूपेक्षा सरळ उडतो हे लोकांच्या लक्षात आलं आणि नवे चेंडू आधीच हातोडीने टोचून विकायला लागले. काठ्यांत लोखंडाची संख्या वाढली. आमच्या क्षेत्रात ज्यांनी जुनी प्रणाली सांभाळली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. मध्यातला एक भाग बदलतो आणि त्याला जोडलेलं सगळं हळूहळू बदलावं लागतं, कुणी तसा ठराव केलेला नसतो.

चेंडू स्वस्त झाला, रेल्वे आली, खेळणारे वाढले. १८९९ मध्ये अमेरिकेत कोबर्न हॅस्केलच्या रबरी धाग्यांच्या चेंडूचं पेटंट झालं. १९०२ च्या ब्रिटिश ओपनमध्ये सँडी हर्ड हा चेंडू वापरून जिंकला आणि गटा-पर्चाचे दिवस संपले. रबरी चेंडूला फिरकी देता यावी म्हणून तोवर गुळगुळीत असणाऱ्या लोखंडी तोंडांवर रेघा आणि ठिपके आले. त्यामुळे तोंडावर रेघा असलेली काठी कुणी ‘दीडशे वर्षांपूर्वीची’ म्हणून दाखवली तर खुशाल मान हलवावी, नकारार्थी. काठ्या आता कारखान्यात, यंत्रावर, लाखांनी बनू लागल्या. अमेरिकेत १९२४ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये पोलादी दांड्यांना मान्यता मिळाली आणि हिकरी एकदम जुनी झाली. माळ्यांवर, तळघरांत, गॅरेजांत या लाखो काठ्या पडून राहिल्या. त्या शंभर वर्षांच्या आहेत, सुंदर आहेत, आणि स्वस्त आहेत, कारण त्या उरल्याही लाखांनी.

हा इतिहास एकदा डोक्यात बसला की किंमत ठरवण्याचे बरेचसे नियम पाठ करावे लागत नाहीत. पहिला प्रश्न: ही काठी कोणत्या चेंडूसाठी? तिरका, दोऱ्याने गुंडाळलेला सांधा, शिंग, शिसं आणि लांब नाक दिसलं तर थांबून बघायचं. दुसरा प्रश्न: शिक्का कुणाचा? काठीवर ठळक दिसणारं नाव पुष्कळदा विकणाऱ्याचं असतं. क्लबचा व्यावसायिक खेळाडू दुसऱ्याकडून डोकी मागवून आपलं नाव ठोके. खरा घडवणारा मागच्या लहानशा चिन्हात सापडतो. सेंट अँड्र्यूजच्या टॉम स्टुअर्टची चिलीम, लेव्हनच्या जॉर्ज निकोलचा हाताचा पंजा. ‘हातघडाईची हमी’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का मात्र कारखान्यातल्या मालावरही सर्रास असतो, त्याला ‘शुद्ध तुपातले’ या पाटीइतकंच महत्त्व द्यावं. तिसरा प्रश्न: दांडा खरंच लाकडाचा आहे का? १९२० आणि ३० च्या दशकांत पोलादी दांड्यांवर लाकडासारखं दिसणारं वेष्टन चढवत, जुन्या वळणाच्या गिऱ्हाइकांसाठी. फ्रिजवरचं लोहचुंबक दांड्याला लावलं की पाच सेकंदांत निकाल लागतो.

आणि चौथी गोष्ट, प्रश्न नव्हे, विनंती. पॉलिश पेपरने घासू नका. गंज, मेण, हाताच्या घामाने काळवंडलेली कातडी मूठ, सुटत आलेला दोरा, हीच त्या काठीची कागदपत्रं आहेत. चकचकीत केलेली काठी शोभेची होते आणि तिची किंमत शोभेच्या वस्तूइतकी उतरते.

दुर्मीळतेचा आणखी एक झरा आहे, अपयशाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माँट्रोझच्या जेम्स रॉस ब्राऊन याने कंगव्यासारखे दाते असलेल्या लोखंडी काठ्यांचं पेटंट घेतलं. वाळू आणि पाणी दात्यांमधून निघून जावं आणि चेंडू तेवढा उडावा ही कल्पना. त्या फारशा चालल्या नाहीत, म्हणून थोड्याच बनल्या, म्हणून आज त्यांच्यासाठी मोठी रक्कम मोजावी लागते. न चाललेल्या उत्पादनांवर काम केलेल्या माझ्यासारख्यांना यात थोडा दिलासा आहे.

पण बाजाराचं एक दुसरं माप आहे आणि त्याला चेंडूशी देणंघेणं नाही. एप्रिल २०२२ मध्ये टायगर वूड्सने २०००-०१ मध्ये लागोपाठ चार मोठ्या स्पर्धा जिंकताना वापरलेल्या म्हणून एका संचातल्या लोखंडी काठ्या ५१ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकल्या गेल्या. डिक्सनच्या पटरच्या २८ पट. त्या कारखान्यातल्या, पोलादी दांड्यांच्या, वीस वर्षं वयाच्या. हाच संच २०१० मध्ये सुमारे ५७ हजार डॉलरला गेला होता आणि तेव्हा वूड्सच्या बाजूने सांगितलं गेलं होतं की खरा संच त्याच्या घरीच आहे. इथे लाकूड, लोखंड, कारागिरी यांना किंमत नाही. किंमत आहे ती ‘याच हाताने धरल्या होत्या’ या एका वाक्याला, आणि ते वाक्य सिद्ध करता येतं का याला. यात काही गैर आहे असं मी म्हणत नाही. सचिनची बॅट आपणही अशीच बघतो. मात्र या मापाने वस्तू नामवंत हाताची साक्षीदार म्हणूनच उरते. तिला स्वतःला काही सांगायचं असेल तर ते कुणी विचारत नाही.

२००७ च्या लिलावात हेच मला खटकतं. तो संग्रह जेफ्री एलिस या अमेरिकन संग्राहकाने आयुष्यभर जमवलेला होता. दोन दिवसांत तो तुकड्यातुकड्यांनी जगभर गेला. माल त्याचा, हक्क त्याचा. शिवाय एलिसने ‘द क्लबमेकर्स आर्ट’ हा ग्रंथ आधीच लिहिला होता, म्हणून एकेका काठीची माहिती तरी शिल्लक राहिली. पण सलग मांडलेल्या काठ्या जे सांगतात, की चेंडू बदलला तशी आम्ही कशी बदललो, ते एकट्या काठीला सांगता येत नाही.

म्हणून मला विचाराल तर गोल्फच्या काठ्यांतला सर्वांत मोलाचा ऐवज ‘ए. डी.’ पटर नाही. तो आहे स्कॉटलंडमधल्या ट्रून क्लबकडे असलेला आठ काठ्यांचा संच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या हल शहरात एका घरातलं बंद करून टाकलेलं कपाट उघडलं, तेव्हा तो सापडला. सोबत १७४१ सालचं वर्तमानपत्र होतं. त्या तारखेचा नीट अर्थ लावायला हवा. काठ्या १७४१ सालच्या आहेत असं ती म्हणत नाही. कपाट त्याच्या आधी बंद झालेलं नाही, एवढंच म्हणते. पण तेवढंही फार आहे. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे संचातलं प्रमाण: सहा लाकडी, दोन लोखंडी. पिसांच्या चेंडूला लोखंडापासून जपत, हे इतर कुठल्या लेखातून कळण्याआधी हा आकडाच सांगतो. त्यातली एकेक काठी वेगळी विकली असती तर आठ किमती मिळाल्या असत्या आणि हा आकडा हरवला असता.

हे सगळं स्कॉटलंडचं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कोलकात्याचा, १८२९ सालचा. मुंबईत १८४२ साली क्लब निघाला. या क्लबने सेंट अँड्र्यूजच्या क्लबला दिलेलं रौप्यपदक ‘बॉम्बे मेडल’ या नावाने तिथे ओळखलं जातं. आता तारखा शेजारी ठेवून बघा. १८४२ साली गटा-पर्चाचा चेंडू अजून यायचा होता. म्हणजे मुंबईतले पहिले गोल्फ खेळणारे पिसांच्या चेंडूने आणि लांब नाकाच्या काठ्यांनीच खेळले असणार, आणि पावसात फुगून शिवण सोडणाऱ्या त्या चेंडूचं इथल्या जून महिन्यात काय होत असेल याची कल्पना करायला इतिहासकार असायची गरज नाही.

त्या काठ्यांचं पुढे काय झालं हे शोधण्याचा रस्ता लिलावगृहातून जात नाही. तो एखाद्या जुन्या बंगल्याच्या माळ्यावरून, जिमखान्याच्या अडगळीच्या खोलीतून, चोरबाजारातल्या पितळी दिव्यांमागून जातो. तेव्हा कुठे अशी जुनी पिशवी निघालीच, तर तिच्यातली सर्वांत सुंदर काठी उचलून बाकीच्या भंगारात देऊ नका. आधी सगळ्या एकत्र ठेवून फोटो काढा. लाकडी किती, लोखंडी किती, मोजून लिहून ठेवा. कोणत्या खोलीत, कशाशेजारी सापडल्या तेही लिहा. आणि पिशवीच्या तळाशी जुन्या वर्तमानपत्राचा चोळामोळा असेल तर तो आधी उलगडून तारीख वाचा.